रगरॅट्समधली बाळं अँजेलिकाच्या डोक्यात नव्हती हो!

रगरॅट्स या बाळांवरच्या अमेरिकन कार्टून सिरीजबद्दलची एक थिअरी दर काही महिन्यांनी परत फिरते, चकी हे बाळ आईबरोबरच वारलं होतं, दुसरं बाळ टॉमी जन्मतःच मेला होता, आणि सगळी बाळं म्हणजे टॉमीची चुलत बहीण, एकट्या पडलेल्या अँजेलिकाची कल्पना. वाचताना काटा येतो हे खरं, पण साफ खोटं आहे.

पहिला सीझनच बघा ना. निकलोडियन चॅनलवर ११ ऑगस्ट १९९१ ला सुरू झाला, एकूण १३ एपिसोड. पहिल्याच एपिसोडमध्ये टॉमीचा पहिला वाढदिवस, आईबाबांनी पार्टी ठेवलीय, पाहुणे आलेत, आणि बाळांचं वेगळंच चाललंय, कुत्र्याचं खाणं खाल्लं की आपण कुत्रा होतो म्हणून ते मिळवायची धडपड! आता मला सांगा, बाळ नसेलच तर ही सगळी मोठी माणसं वाढदिवस कोणाचा करतायत?

आणि मेन गोष्ट म्हणजे सिरीजच्या आधी जो पायलट (चाचणीचा भाग) बनवला होता त्यात टॉमी आहे पण अँजेलिका नाहीच, दादागिरी करणारं कोणीतरी पाहिजे म्हणून ती नंतर आली, म्हणजे कल्पना करणारीच टॉमीनंतर जन्माला आली की काय 😄

अफवा सुचली कशी ते मात्र कळतं. अँजेलिका ३ वर्षांची, ती मोठ्यांशीही बोलते आणि बाळांशीही, मोठ्यांना बाळांची भाषा कळत नाही. चकीची आई वारलीय हेही खरंच, पण आजारपणाने, आणि ते १९९७ च्या एपिसोडमध्ये सरळ दाखवलंय. चकी तिथे चांगला जिवंत आहे.