क्लाउड विश्लेषणाचे अंदाजपत्रक (आरोग्य संशोधन)

मोठा आरोग्य-डेटा स्वतःच्या संगणकावर न आणता क्लाउडवर, म्हणजे भाड्याच्या दूरस्थ संगणकांवर तपासायचा असेल, तर त्याला किती पैसे लागतील याचा आधी मांडलेला हिशेब. यंत्र विकत घेताना मोठा खर्च एकदाच होतो. क्लाउडचे बिल विजेच्या मीटरसारखे वापराप्रमाणे चढते. त्यामुळे अंदाज बांधताना किमतीपेक्षा वापराचे गणित आधी करावे लागते.

ही गरज अलीकडची आहे. नागपूरजवळच्या खेड्यांत 2006 ते 2008 या काळात झालेल्या ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’त 4,711 जण सहभागी होते. एवढ्या लोकांच्या तपासण्यांचे तक्ते साध्या संगणकावर सहज मावतात. ब्रिटनच्या यूके बायोबँकेत, म्हणजे संशोधनासाठी जमवलेल्या आरोग्य-माहितीच्या संग्रहात, मात्र सुमारे 5 लाख लोक आहेत आणि त्यांपैकी 4,90,640 जणांच्या संपूर्ण जीनोमचा (शरीरातल्या सर्व डीएनएचा) डेटा सुमारे 27.5 पेटाबाइट, म्हणजे सुमारे पावणेतीन कोटी जीबी, भरतो. तो उतरवून घेण्याचा प्रश्नच येत नाही. 2021 मध्ये बायोबँकेने स्वतःचा क्लाउड-मंच सुरू केला. संशोधकाने तिथे लॉगिन करून काम करायचे आणि संगणनाचे पैसे वेगळे भरायचे.

खर्चाचे तीन भाग पडतात : संगणन (यंत्र किती तास चालले), साठवण आणि डेटा बाहेर काढण्याचे शुल्क. लोक पहिल्याचीच चिंता करतात, पण साठवण रात्रंदिवस, सुट्टीच्या दिवशीही चालूच असते. एका व्यक्तीच्या जीनोमची संकुचित फाइल 15 ते 20 जीबीची असते. 500 रुग्णांच्या जीनोमला 20 जीबीप्रमाणे 10,000 जीबी लागतील. जीबीमागे महिन्याला 2 रुपये धरले, तर महिन्याचे 20,000 आणि वर्षाचे 2 लाख 40 हजार रुपये होतात, तेही एकही विश्लेषण न करता. हाच डेटा जीबीमागे 9 रुपये दराने बाहेर काढला, तर एका खेपेचे 90,000 रुपये.

म्हणून खरी बचत प्रश्न नेमका करण्यात असते. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आहे. तो कोणाला सौम्य आणि कोणाला तीव्र का होतो, हे शोधणाऱ्या नागपूरच्या गटाला आरंभी गुणसूत्र 11 वरील एचबीबी जनुक, गुणसूत्र 2 वरील बीसीएल11ए आणि गुणसूत्र 6 वरील एचबीएस1एल-एमवायबी हे हिमोग्लोबिनशी संबंधित भाग पाहता येतात. जीनोम-फाइलसोबत अनुक्रमणिका असते. तिच्या आधारे नेमका तेवढाच तुकडा वाचता येतो. संपूर्ण जीनोमचे काम काढण्याआधी हे करून पाहणे शहाणपणाचे.

संपूर्ण जीनोमचे काम करायचेच असेल, तर आधी गुणसूत्र 22 वर चाचणी घेतात. ते जीनोमच्या सुमारे दीड टक्का आहे, त्यामुळे तिथला खर्च साठ-पासष्ट पटीने वाढवून ढोबळ आकडा मिळतो. त्यात फसलेल्या रनची, म्हणजे विश्लेषणाच्या वाया गेलेल्या फेऱ्यांची, भर हवीच. मेमरी कमी पडून रात्री तीनला बंद पडलेल्या कामाचे पैसेही लागतात आणि पहिल्याच फेरीत बिनचूक चाललेली स्क्रिप्ट (संगणकाला दिलेल्या आज्ञांची फाइल) क्वचितच असते. माझ्या मते प्रत्येक टप्पा किमान तीनदा चालेल असे धरूनच प्रस्ताव लिहावा. ‘स्पॉट’ प्रकारची, म्हणजे कंपनीकडे त्या वेळी रिकामी असलेली, यंत्रे पुष्कळ स्वस्त पडतात, पण कंपनी ती मध्येच काढून घेऊ शकते; अॅमेझॉनच्या सेवेत त्याची सूचना दोन मिनिटे आधी मिळते. छोट्या तुकड्यांत विभागलेल्या कामाला ती चालतात, सलग वीस तासांच्या कामाला नाहीत. खर्चाची मर्यादा गाठताच ईमेल येईल अशी सूचना पहिल्याच दिवशी लावावी. मात्र बहुतेक ठिकाणी ती फक्त कळवते, यंत्र थांबवत नाही. काम संपल्यावर यंत्र बंद करणारा माणूस नेमलेलाच असावा.

नागपुरात मेडिकल, मेयो ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालये किंवा मिहानमधले एम्स इथल्या संशोधकापुढे आणखी एक अडचण असते, ती कागदांची. अनुदानाची शीर्षे मनुष्यबळ, उपकरणे, आकस्मिक खर्च अशी ठरलेली असतात. दर महिन्याला बदलणारे बिल कुठे बसवायचे, हे लेखा विभागाशी प्रस्तावाआधीच बोलून घ्यावे लागते. कोटेशन मागितले तर कंपनीच्या किंमत-गणकयंत्राचा तपशील जोडता येतो. परदेशी मंचाचे बिल पौंडांत किंवा डॉलरांत येते, त्यामुळे विनिमयदराची चढउतार आणि 18 टक्के जीएसटी आधीच धरावा. अनुदानाचा हिशेब 31 मार्चला बंद होतो आणि पैसे ठरल्या कामी खर्चल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते, पण मार्चचे बिल एप्रिलमध्ये हाती पडते. मोठे रन म्हणूनच फेब्रुवारीअखेर उरकणे बरे.

शेवटचा मुद्दा बहुतेक प्रस्तावांत सुटतो : अनुदान संपल्यावर साठवणीचे पैसे कोण भरणार? स्क्रिप्ट आणि निष्कर्षांचे तक्ते छोटे असतात. मंचाच्या नियमांत बसतील तेवढे उतरवून ठेवता येतात. मधल्या टप्प्यांच्या फाइली पुन्हा तयार करता येत असल्या, तर त्या कोणी व कोणत्या तारखेला पुसायच्या, हे अंदाजपत्रकातच लिहावे.