जुळ्यांची दुहेरी भूमिका (चित्रीकरण)

एकाच नटाला एकाच चौकटीत जुळी भावंडे म्हणून दाखवण्याची चित्रीकरणपद्धत. दादासाहेब फाळके यांच्या ‘लंकादहन’ (१९१७) या मूकपटात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या होत्या. मात्र तिथे वेश, केस आणि चाल यांनीच दोन माणसे वेगळी होत होती. जुळ्यांचे काम अवघड असते, कारण चेहरा तोच राहून माणसे दोन वाटावी लागतात. ग्रामीण विदर्भात लघुपट आणि वऱ्हाडी बोलीतील विनोदी चित्रफिती एका कॅमेऱ्यावर किंवा मोबाइलवर, मोजक्या माणसांत तयार होतात. तिथे हे काम स्टुडिओऐवजी ओसरीत, अंगणात आणि धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) करावे लागते.

मूळ युक्ती जुनी आहे. फ्रान्सचे झॉर्झ मेलिए १८९८ मध्येच एकाच फिल्मवर पुन्हापुन्हा चित्रण करून स्वतःचीच अनेक डोकी दाखवत होते. भिंगाचा अर्धा भाग झाकायचा, चित्रण करायचे, फिल्म उलटी गुंडाळायची, झाकण दुसऱ्या बाजूला न्यायचे आणि पुन्हा चित्रण करायचे, अशी ती रीत. बस्टर कीटन यांनी १९२१ मध्ये नऊ पट्ट्यांचे झाकण वापरून एका चौकटीत नऊ कीटन उभे केले. आज झाकणाचे काम संगणकावर होते, म्हणून चुकीला थोडी जागा मिळते. दोन चित्रणांच्या मध्ये काहीही हलता कामा नये, ही अट मात्र कायम आहे.

दुभागलेली चौकट. कॅमेरा पक्का करून नटाला आधी डाव्या बाजूला, मग कपडे बदलून उजव्या बाजूला चित्रित करतात. संकलनात दोन्ही थर एकावर एक ठेवून वरच्याचा अर्धा भाग कापतात. कापाची रेघ दाराच्या चौकटीवर, ओसरीच्या खांबावर किंवा भिंतीच्या कोपऱ्यावर घ्यावी, कारण सरळ उभ्या कडेत जोड लपतो. रेघ कुठून जाणार हे चित्रणाआधी ठरवून जमिनीवर खडूची खूण करावी. नटाचा हात, धोतराचा सोगा किंवा सावली त्या खुणेपलीकडे गेली की ती कापली जाते. हात गेला तर लगेच दिसतो. सावली गेलेली बहुतेकांच्या लक्षात येते ती घरी गेल्यावर.

काळ्या मातीवर तिपाई उभी करणे हा इथला नेहमीचा घोळ. उन्हाळ्यात जमीन भेगाळलेली असते, पावसाळ्यात पाय रुततात. दोन चित्रणांत तिपाई दोन-तीन मिलिमीटर खचली तरी जोडावर भिंत तुटलेली दिसते. प्रत्येक पायाखाली फरशीचा तुकडा द्यावा आणि मधल्या दांड्याला मातीने भरलेले पोते टांगावे, पण ते झुलू नये म्हणून जमिनीला टेकते ठेवावे. जुन्या वाड्याच्या लाकडी माडीवर कोणी चालले तरी कॅमेरा हलतो. चित्रण रिमोटने सुरू करावे. फोकस, एक्स्पोजर (आत येणारा उजेड), आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) हाताने बांधून ठेवावेत, स्टॅबिलायझेशन (हादरे सावरणारी सोय) बंद करावे. मोबाइलमध्ये ऑटो राहिले तर पांढऱ्या सदऱ्यातला भाऊ आला की भिंत काळवंडते आणि गडद सदऱ्यातला आला की उजळते.

ऊन. खेड्यातले बहुतेक फसलेले जुळे उन्हात फसलेले असतात, सॉफ्टवेअरमुळे नव्हे. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. मे महिन्यात दुपारी साडेतीनच्या आसपास तो क्षितिजापासून ४५ अंश उंचीच्या जवळ असतो. तेव्हा ६ मीटर उंच कडुनिंबाची सावली जवळपास तेवढीच लांब पडते आणि १० मिनिटांत तिचे टोक सुमारे अर्धा मीटर पुढे जाते. कपडे, मिशी, भांग बदलायला अर्धा तास लागला तर जोडाच्या एका बाजूची सावली दुसरीशी जुळणे शक्यच नाही. म्हणून अंगणापेक्षा उत्तरेकडे तोंड असलेली ओसरी बरी. उन्हाची तिरीप येत नसेल तर तिथला उजेड बराच वेळ सारखा राहतो. अंगणच हवे असेल तर बदल दोन-तीन मिनिटांत होईल असा ठेवावा, म्हणजे नुसता दुपट्टा, टोपी किंवा चष्मा, आणि कॅमेरा मध्ये बंदच करू नये.

सारवलेल्या जमिनीचाही असाच दगा होतो. ताजे सारवण ओले असताना गडद दिसते आणि वाळताना फिकट होत जाते. दृश्यासाठी सकाळी सारवून लगेच कॅमेरा लावला, की पहिल्या भावाच्या पायाखाली एक रंग आणि दुसऱ्याच्या पायाखाली दुसरा. आदल्या दिवशीच सारवून घ्यावे.

वाऱ्याचा त्रास वाटतो तेवढा नसतो. लांबवर पसरलेल्या पऱ्हाटीवरून (कपाशीवरून) जोड गेला तर पाने दोन्ही थरांत वेगळी हललेली असूनही कड ४०-५० पिक्सेलने मऊ केल्यावर डोळ्याला खटकत नाही. कॅमेऱ्याजवळची एकच फांदी मात्र दोनदा उमटते. ती बांधून टाकावी किंवा चौकटीबाहेर ठेवावी.

रात्री घरातल्या बल्बवर विसंबू नये. व्होल्टेज उतरले की साधा बल्ब मंद होतो आणि त्याचा उजेड तांबूस होतो. बॅटरीवरचे एलईडी पॅनेल वापरावे. विजेच्या दिव्याखाली सेकंदाला २५ चौकटी आणि शटर १/५० सेकंदावर ठेवले की ५० हर्ट्झच्या पुरवठ्याची लुकलुक टळते.

उन्हाळ्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो. मोबाइल तापून चित्रण मध्येच थांबते, आणि तो गार करायला काढला की चौकट गेली. सुरुवातीपासूनच त्यावर छत्री धरावी.

नजर आणि संवाद. जुळे खोटे वाटतात ते बहुधा नजरेमुळे. समोर कोणी नसताना नट भलतीकडे पाहतो. त्याच उंचीचा डमी (नटाच्या जागी उभा राहणारा दुसरा माणूस) उभा करून नजर कुठे जाते ते ठरवावे, मग डमीला हटवून त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, त्याच जागी, बांबूला रंगीत चिकटपट्टी लावावी. खूण जवळ सरकली तर नटाचे डोळे तिरळे दिसतात.

संभाषण पुढे नेणाऱ्या भावाचे चित्रण आधी करावे. त्याने “काहून गा, कुठी गेलता तू?” असे विचारले की चौकटीबाहेरून डमीने उत्तर पूर्ण म्हणावे, घाई करू नये, कारण दुसऱ्या भावाला मिळणारी जागा तेवढीच. पसंत पडलेला टेक तिथेच नक्की करून त्याचा आवाज दुसऱ्या वेळी नटाच्या कानात छोट्या इअरफोनमधून सोडतात. नंतर पहिला टेक बदलायचा म्हटला तर दुसराही पुन्हा करावा लागतो.

स्पर्श आणि हालचाल. एका भावाने दुसऱ्याला पाण्याचा गडू देणे सोपे दिसते, पण रेघ ओलांडणारा हात डमीचा असतो. सदऱ्याची बाही मनगटापर्यंत ठेवली तर जोड बाहीच्या काठावर लपतो. मिठी डमीच्या पाठीवरून, एकेका चेहऱ्यावर वेगळी घ्यावी. एक भाऊ दुसऱ्याच्या पुढून चालत गेला तर त्याची आकृती चौकटीगणिक कापावी लागते, आणि ४ सेकंदांना १०० चौकटी होतात.

फिरत्या कॅमेऱ्यासाठी तीच हालचाल हुबेहूब पुन्हा करणारी संगणकचालित यंत्रणा लागते. ती खेड्यात परवडत नाही. पर्याय म्हणून ४के मध्ये स्थिर चित्रण करून संकलनात फुल एचडी चौकट त्यावरून सरकवतात. ३८४० पिक्सेल रुंदीतून १९२० घ्यायचे असल्याने चित्राचा दर्जा घसरत नाही. ही सरक संथ ठेवावी. कॅमेरा जागचा न हलल्याने जवळच्या-दूरच्या वस्तूंचे अंतर बदलत नाही आणि वेगात ते उघडे पडते.

डमीच्या धडावर नटाचा चेहरा बसवण्याची पद्धत २०१० च्या ‘द सोशल नेटवर्क’ या अमेरिकी चित्रपटात जुळ्या भावांसाठी वापरली गेली: आर्मी हॅमर आणि जॉश पेन्स या दोघांनी काम केले, पेन्सच्या जागी चेहरा हॅमरचा दिसला. आता हे मोबाइलवरही करता येते. चेहरा समोरून, स्थिर आणि सारख्या उजेडात असेल तर निभावते. डोक्यावरून पदर पुढे ओढला, विडी तोंडाशी नेली किंवा चेहरा पूर्ण बाजूला वळला, की तो मध्येच निसटतो.