सूतगिरण की कापडगिरण?

बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाक फॉल्सला गेलेला पाहुणा झुलत्या पुलावर फोटो काढतो आणि गिरणीकडे बोट करून सांगतो, "इथं कापड व्हायचं." आमच्या बेळगावच्या वडगाव-शहापुरातला मागवाला हे चालवून घेत नाही. "कापड आमच्याकडं हो, तिथं सूत!" आणि त्याचंच बरोबर आहे. घटप्रभा नदीच्या १७० फुटी उडीच्या जोरावर १८८५ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या या गिरणीनं नाव कमावलं ते सुतावर.

सूतगिरणीत कापसाच्या गाठी आत जातात. कापूस फोडायचा, केर काढायचा, पिंजून त्याचा मऊ पेळू करायचा, तो ओढत ओढत बारीक करायचा आणि शेवटी रिंगफ्रेम या यंत्रावर पीळ द्यायचा. सगळं बळ त्या पिळात. वीतभर सूत घेऊन उलटं फिरवून बघा, तंतू सुटतात आणि चिमटीत पुन्हा कापूसच उरतो. सुताचा काउंटही समजून घेण्यासारखा आहे. ८४० वारांची एक लड. एका पौंडात अशा २० लडी बसल्या तर २० काउंट, ४० बसल्या तर ४०. आकडा चढेल तसं सूत तलम.

कापडगिरणीचं काम सुतापासून सुरू होतं. उभा ताणा, आडवा बाणा. मागावर ताण्याला सतत घासणी बसते, तो तुटू नये म्हणून आधी खळ लावतात. गिरणीत हे यंत्रावर होतं. हातमागाच्या गल्लीत पांजणी व्हायची, म्हणजे रस्त्याच्या कडेनं ताणा पसरून ब्रशनं खळ चोळायची. माझी आजी दारात बसून चरख्यावर बाण्याच्या कांड्या भरायची. सुताला गाठ लागली की ती न बघता, नुसत्या बोटांनी ओळखायची.

घोळ होतो तो मुंबईमुळे. तिथल्या बऱ्याच गिरण्यांत कताई आणि विणाई एकाच आवारात चालायची, म्हणून आपल्याकडं 'गिरण' म्हटलं की कापडच डोळ्यांपुढं येतं.

सुताचा धंदा असला की वाहतूकही दोन्हीकडून आली, कापूस आत, सूत बाहेर. म्हणून फॉल्सला जाताना गोकाक रोड स्टेशनही जरूर बघा. (गोकाक शहर वेगळं, धबधब्यापासून काही किलोमीटरवर.) मिरज-लोंढा मार्ग तेव्हा मीटरगेजचा, रुळांमधलं अंतर एकच मीटर. मुंबईकडं जाणारा माल वाटेत उतरवून ब्रॉडगेजच्या वाघिणीत पुन्हा भरावा लागे. हमालांच्या पाठीवरून गेलेली ती प्रत्येक गाठ मला त्या पुलाइतकीच मोलाची वाटते.

आणि परतताना वडगावात एखाद्या गल्लीत थांबा. रिंगफ्रेमची एकसुरी घरघर असते, मागाची खटखट. बाण्याचं सूत नेणारा धोटा या टोकाला आपटतो, मग त्या टोकाला.