व्हॅक्यूम चालवला, तरी डिस्क भरलेलीच का?

पोस्टग्रेस या डेटाबेसच्या एखाद्या टेबलातून लाखो जुनी रेकॉर्ड्स डिलीट केली, व्हॅक्यूम ही साफसफाईची कमांडही चालवली, आणि तरी डिस्कवर मोकळी जागा होती तेवढीच. मग 'साध्या व्हॅक्यूमने काही होत नाही' असं ठरवून पुष्कळ जण थेट त्याचाच मोठा प्रकार, व्हॅक्यूम फुल, चालवतात. माझ्या मते ही घाई आहे. साध्या व्हॅक्यूमने आपलं काम केलेलं असतं. डिस्क रिकामी करणं हे त्याचं काम नव्हतंच.

पोस्टग्रेसमध्ये डिलीट केलेलं रेकॉर्ड लगेच पुसलं जात नाही, त्याच्यावर फक्त खूण होते. कारण आधीच सुरू असलेल्या एखाद्या ट्रान्झॅक्शनला (एकत्र पार पडणाऱ्या कामांच्या गटाला) ते अजून दिसायला हवं असतं. अपडेटमध्येही जुनी प्रत मागे राहते आणि नवी वेगळी लिहिली जाते. कुणालाच लागत नाहीत अशा डेड प्रती साठत गेल्या की टेबल फुगतं.

साधा व्हॅक्यूम या डेड प्रती आणि त्यांच्या इंडेक्समधल्या (शोध जलद करणाऱ्या सूचीतल्या) नोंदी काढतो. टेबलाची फाइल ८ केबीच्या पेजेसमध्ये विभागलेली असते; कुठल्या पेजमध्ये किती जागा मोकळी झाली, हे तो फ्री स्पेस मॅपमध्ये लिहून ठेवतो. पुढचे इन्सर्ट आणि अपडेट तिथेच बसतात. म्हणजे जागा सुटते, पण त्याच टेबलासाठी. फाइलच्या अगदी शेवटची पेजेस पूर्ण रिकामी असतील, तर तेवढीच ऑपरेटिंग सिस्टमला परत जाऊ शकतात. दरम्यान वाचणं-लिहिणं चालू राहतं.

व्हॅक्यूम फुल सगळं टेबलच नव्या फाइलमध्ये लिहून काढतो, इंडेक्स नव्याने बांधतो आणि जुनी फाइल टाकून देतो. डिस्क खरोखर मोकळी होते. पण तोवर टेबलावर इतर सगळ्यांना अडवणारा ॲक्सेस एक्सक्लुझिव्ह लॉक असतो आणि डेटा फक्त वाचणारा साधा सिलेक्टसुद्धा ताटकळतो. शिवाय नवी प्रत पूर्ण होईपर्यंत जुनी तशीच असते. त्यामुळे डिस्क काठोकाठ भरली की लोकांना ही कमांड आठवते आणि नेमकी तेव्हाच ती जागेअभावी अपयशी ठरू शकते.

पोस्टग्रेसमध्ये आपोआप व्हॅक्यूम करणारा ऑटोव्हॅक्यूम हा व्हॅक्यूम फुल कधीच चालवत नाही, आणि ते योग्यच आहे. त्याच्या मूळ सेटिंगनुसार टेबलातली सुमारे २० टक्के रेकॉर्ड्स अधिक ५० एवढा डेड साठा झाला की तो जागा होतो. १ कोटी रेकॉर्ड्सच्या टेबलात हा आकडा २० लाखांवर जातो. अशा टेबलापुरता स्केल फॅक्टर, म्हणजे हे २० टक्क्यांचं प्रमाण (०.२), ०.०२ वर आणला, तर व्हॅक्यूम वारंवार होतो आणि टेबल मुळात एवढं फुगत नाही. माझा भर यावर आहे.

एका ठिकाणी मात्र दोघांचाही इलाज चालत नाही. एखादं ट्रान्झॅक्शन तासन्‌तास उघडं राहिलं, तर त्याला दिसू शकणाऱ्या प्रती साधा व्हॅक्यूमही काढत नाही आणि फुलही. म्हणून व्हॅक्यूमला दोष देण्याआधी 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' अवस्थेतली, म्हणजे ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून नुसती थांबलेली कनेक्शन्स शोधा.

व्हॅक्यूम फुल कधी चालवावा? टेबलाचा मोठा हिस्सा एकदाच काढला असेल, ते पुन्हा तेवढं वाढणार नसेल आणि काही काळ बंद ठेवता येत असेल, तेव्हा. बंद ठेवणं शक्य नसेल तर पीजी रीपॅक हे एक्स्टेन्शन तेच काम अगदी थोडा वेळ कडक लॉक घेऊन करतं. त्यालाही डिस्कवर जादा जागा लागतेच. टेबल पूर्ण रिकामंच करायचं असेल, तर डिलीटऐवजी ट्रंकेट वापरा, जागा तिथल्या तिथे परत मिळते. आणि दर महिन्याला जुना डेटा काढावा लागत असेल, तर टेबलाची तारखेनुसार पार्टिशन्स (वेगवेगळे भाग) करून जुनं पार्टिशन ड्रॉप करा.