सीडीचं सोंग घेतलेला डोंगल

आमच्या गुहागर तालुक्यातल्या वाडीत मिरगाला मुका झालेला लँडलाइन फोन गणपतीपर्यंत बोलत नसे. म्हणून दहा-बारा वर्षांपूर्वी, भाचीच्या प्रवेशअर्जाचे दिवस होते तेव्हा, मी चिपळूणहून थ्रीजी डोंगल, म्हणजे मोबाइलच्या टॉवरवरून इंटरनेट देणारी पेनड्राइव्हएवढी कांडी, आणला. घरच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स होतं, त्यातलंच उबुंटू. डोंगल खोचला, त्याचा दिवा लुकलुकला आणि पडद्यावर इंटरनेटला जोडणाऱ्या मोडेमऐवजी आली एक सीडी! आत विंडोजचा इन्स्टॉलर. दुकानदाराला फोन केला, तर म्हणाला, "विंडोज टाकून घ्या काका, लिनक्सवर तो चालायचा नाही."

डोंगल बिघडलेला नव्हता. शिमग्यातल्या खेळ्यासारखा सोंग घेऊन बसला होता.

यूएसबीचं कुठलंही उपकरण खोचताक्षणी आपली ओळख सांगतं: बनवणाऱ्या कंपनीचा क्रमांक, मॉडेलचा क्रमांक आणि आपण कोणत्या जातीचं उपकरण आहोत ते. हा डोंगल आधी सांगतो, "मी सीडी ड्राइव्ह." कारण साधं आहे. ड्रायव्हरची, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, वेगळी सीडी द्यायला नको, म्हणून कंपनीने तो डोंगलच्याच पोटात ठेवलेला असतो. विंडोजवर ड्रायव्हर बसला की तो डोंगलला एक ठरावीक संदेश पाठवतो. डोंगल क्षणभर नाहीसा होतो आणि वेगळा क्रमांक घेऊन मोडेम म्हणून परत येतो. लिनक्सवर कंपनीचा ड्रायव्हर नाही, त्यामुळे तो संदेश दुसऱ्या कुणी पाठवला नाही तर सोंग उतरतच नाही.

हा संदेश बहुधा अवघा ३१ बाइटांचा. पेनड्राइव्हशी बोलताना संगणक जो साचा वापरतो तोच इथेही असतो. पहिले चार बाइट म्हणजे यू, एस, बी, सी ही अक्षरं, आणि पुढे प्रत्यक्ष हुकूम. काही डोंगलना "सीडी बाहेर काढ" एवढं सांगितलं तरी पुरतं, काहींना कंपनीचा खास संदेशच लागतो. तो कुणी छापून दिलेला नव्हता. लोकांनी विंडोजवर ड्रायव्हर आणि डोंगल यांच्यातलं संभाषण टिपून घेतलं आणि तेच बाइट लिनक्सवरून पाठवून पाहिले. योसुआ डीत्झे यांच्या 'यूएसबी-मोडस्विच' या प्रोग्रॅममध्ये असे संदेश मॉडेलवार साठवलेले आहेत. कुठलंही कुलूप न फोडता, नुसतं कान देऊन केलेलं हे काम मला फार मोलाचं वाटतं.

माझी अडचण वेगळीच निघाली. प्रोग्रॅम उबुंटूत होता, पण त्याच्या जुन्या यादीत माझ्या डोंगलचा क्रमांक नव्हता, आणि नवी यादी होती इंटरनेटवर. पेनड्राइव्ह खिशात टाकून एसटीने गुहागर गाठलं, सायबर कॅफेत यादी उतरवून घेतली आणि संध्याकाळच्या गाडीने परत आलो. या वेळी डोंगल खोचल्यावर सीडी आली आणि लगेच गेलीही. जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी दाखवणारी 'एलएसयूएसबी' ही आज्ञा दिली, तर मॉडेलचा क्रमांक बदललेला!

पुढचं सोपं होतं, कारण सोंगाखालचा मोडेम जुनीच भाषा बोलतो. 'एटी' म्हणजे 'अटेन्शन', लक्ष दे. हेज कंपनीने १९८१ मध्ये आपल्या स्मार्टमोडेमसाठी केलेल्या या आज्ञा थ्रीजीच्या डोंगललाही कळतात. 'एटी' लिहून एंटर दाबलं की उत्तर येतं, 'ओके'.

फोनच्या तारेवरून इंटरनेट घेण्याच्या, डायल-अपच्या काळातल्या 'विनमोडेम' या कार्डांचं दुखणं याहून खोल होतं. त्या कार्डावर अर्धा मोडेमच नसे. आकड्यांचे आवाज आणि आवाजांचे आकडे करण्याचं गणित कंपनीचं सॉफ्टवेअर संगणकाच्या प्रोसेसरकडून करून घेई, आणि ते सॉफ्टवेअर विंडोजपुरतंच. एखादा संदेश पाठवून असलं कार्ड जागं होणं शक्य नव्हतं. ल्यूसेंट कंपनीच्या चिपसाठी लिनक्सचा ड्रायव्हर मिळे, पण त्याचा गाभा बंदच होता.

नंतरच्या डोंगलांत एटी आज्ञांच्या जोडीला क्वालकॉम या चिप बनवणाऱ्या कंपनीची 'क्यूएमआय' ही भाषा आली. तिच्यासाठी ब्यॉर्न मोर्क यांचा ड्रायव्हर २०१२ मध्ये लिनक्सच्या ३.४ कर्नेलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, दाखल झाला. तरीही डोंगलच्या आतला, टॉवरशी बोलणारा प्रोसेसर आणि त्यावरचं सॉफ्टवेअर कंपनीचंच राहतं. 'लिनक्सवर चालतो' याचा अर्थ 'पूर्ण खुला आहे' असा घेऊ नये.

आता प्रश्न रेंजचा. आमचं घर सड्याखालच्या, म्हणजे कातळाच्या पठाराखालच्या, उतारावर, टॉवर सड्यापलीकडे. इथे एटी आज्ञांचा खरा उपयोग झाला. 'एटी+सीएसक्यू' विचारलं की मोडेम सिग्नलची ताकद ० ते ३१ मध्ये सांगतो आणि एकेक पायरी २ डेसिबलची असते. पडवीत ९ आले. माजघरात त्याहून कमी. माळ्यावरच्या खिडकीत १७! आठ पायऱ्या म्हणजे १६ डेसिबल, म्हणजे जवळजवळ ४० पट ताकद. यूएसबी २ ची साधी वायर ५ मीटरांपलीकडे नेता येत नाही, म्हणून लॅपटॉपच माळ्यावर नेला. डोंगल सुतळीने खिडकीच्या गजाला बांधला, पावसाची झड लागू नये म्हणून वर प्लॅस्टिकची पिशवी उलटी घातली आणि भाचीला वर हाक मारली.