साबण डोळ्यांत, तोल कानात

अंघोळ करताना तोंडाला साबण लावला, डोळे मिटले, आणि एकदम झोक गेला म्हणून नळ धरला. साठीच्या आसपास असं झालं की माणूस 'वय झालं' म्हणतो आणि टॉवेल शोधायला लागतो. पण तोल राखायला आपल्याला तीन आधार लागतात: डोळे, पायांतली जाणीव आणि कानाचा आतला भाग. तिघांतला एक ढिला पडला, तर उरलेले दोन काम उरकून नेतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

बर्लिनचे डॉक्टर मॉरिट्झ रोम्बर्ग यांनी एकोणिसाव्या शतकात नोंदवलं, की मज्जारज्जूच्या आजाराने पायांची जाणीव गेलेला रुग्ण डोळे मिटून उभा केला की डोलायला लागतो. त्यांच्या नावाची ही चाचणी आजही करतात. पुढे तिच्यात एक भर पडली, ती म्हणजे पायाखाली जाड फोम. आता डोळे बंद, पायांना जमीन नीट कळत नाही, म्हणजे सगळी भिस्त कानावर. अमेरिकेत 2001 ते 2004 या काळात चाळिशीपुढच्या पाच हजारांवर लोकांना असं उभं केलं, तेव्हा 35 टक्के लोकांना तोल सांभाळता आला नाही. नुसत्या फोमवर डोललं म्हणून कानाचा आजार ठरत नाही, हे खरं. तरी त्यातल्या ज्यांना चक्करही यायची, त्यांच्यात पडण्याची शक्यता सुमारे बारा पटींनी जास्त आढळली.

कानात आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, तीन वेगवेगळ्या दिशांना वळलेल्या. मान फिरली की त्यांतला द्रव मागे रेंगाळतो आणि त्यावरून मेंदूला कळतं, डोकं कुठे वळलं. शेजारच्या दोन पिशव्यांत बारीक स्फटिक असतात, चुनखडी ज्या पदार्थाची त्याच पदार्थाचे. खाली कुठे आणि वर कुठे, हे त्यांच्या वजनावरून समजतं. वयाबरोबर हे स्फटिक सुटे होतात आणि कधी भलत्या नलिकेत, बहुतेकदा मागच्या, जाऊन पडतात. मग कुशीवर वळलं, माळ्यावरचा डबा काढायला मान वर केली, की खोली गरगर फिरते. एखाद्या मिनिटात थांबतेही. डॉक्टर 'कानातले खडे सरकले' म्हणतात ते हेच.

या चक्करेचं वर्णन 1921 मध्ये रॉबर्ट बारानी यांनी केलं. आंतरकर्णावरच्या कामासाठी त्यांना 1914 चं नोबेल मिळालं, ती बातमी पोचली तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते! उपाय सापडायला मात्र आणखी बरीच वर्षं गेली. ऑरेगॉनचे डॉ. जॉन एपली यांनी डोकं ठरावीक क्रमाने वळवून खडे मूळ जागी परत सरकवण्याची रीत शोधली. इतकं सोपं असेल यावर सहकाऱ्यांचा विश्वास बसेना. 1992 मध्ये त्यांचा शोधनिबंध छापून आला. आज पाचेक मिनिटांत, बहुतेकदा एकदोन वेळात, काम होतं.

आपल्याकडे या रुग्णाच्या गळ्यात आधी मानेचा पट्टा येतो आणि पाठोपाठ महिनोन्महिने गोळ्या. मला ही सवय घातक वाटते. चक्कर दाबणाऱ्या काही गोळ्या मेंदूला सुस्त करतात, आणि म्हाताऱ्या माणसाला तोल सावरायला तोच मेंदू जागा हवा असतो. थोडा दोष आपल्या भाषेचाही. डोळ्यांपुढे अंधारी आली तरी चक्कर, घर फिरलं तरी चक्कर, चालताना झोक गेला तरी चक्कर. डॉक्टरांना यातलं नेमकं काय झालं ते सांगावं. सोबत जीभ जड झाली, एकाचे दोन दिसले किंवा उभंच राहता येईना, तर कानाचा विचार न करता थेट रुग्णालय गाठावं, कारण तो पक्षाघात असू शकतो.

खडे सरकलेले नसून कानच कमजोर झाला असेल, तर उपाय उलटा वाटेल असा आहे. 1940 च्या दशकात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी यांनी व्यायाम बसवले. मान हलवा, डोळ्यांच्या वर चेंडू या हातातून त्या हातात टाका, जिना चढा-उतरा. सुरुवातीला गरगरतंच, आणि थोडं गरगरायलाच हवं. मेंदू त्या गोंधळातूनच नवा हिशेब शिकतो. तोवर रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा जळता ठेवावा, म्हणजे डोळे तरी कामाला राहतील.