संरक्षक सोबत

संरक्षक सोबत म्हणजे जिथे लढाई, लष्करी ताबा किंवा यादवी चालू आहे अशा जागी जाऊन, हातात साधी काठीपण न घेता, तिथल्या साध्या लोकांबरोबर राहायचं, म्हणजे बाहेरचं कोणीतरी बघतंय म्हटल्यावर अंगावर येणारा जरा दबकतो. हे काम बऱ्याच संस्था करतात, पण त्यात चर्चच्या स्वयंसेवकांचा वाटा मोठा आहे, म्हणून ही नोंद मुख्यतः त्यांच्याबद्दल. मराठीत "सोबत" हा शब्द याला अगदी फिट बसतो. गिरगाव-लालबागच्या चाळीत घरचा माणूस रात्रपाळीला गेला की शेजारची आजी सोबतीला झोपायला यायची, आता ती आजी चोराला काय डोंबल अडवणार होती, पण घरात कोणीतरी जागं आहे एवढं पुरायचं. लोकलच्या लेडीज डब्यात रात्री पोलीस असतो ते उदाहरण मात्र इथे चालत नाही, कारण त्याच्या मागे कायदा असतो, या स्वयंसेवकांच्या मागे तोही नसतो.

सगळं चालतं ते "चार लोक काय म्हणतील" या हिशोबावर. मारणाऱ्याला, नाहीतर त्याच्या वरच्याला, नाहीतर त्याला बंदुका पुरवणाऱ्या देशाला आपल्या नावाची थोडी तरी फिकीर पाहिजे. हे नीट कळलं ते मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वात. एप्रिल १९८३ मध्ये अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिनातले सुमारे ३० चर्चवाले होंडुरासच्या सीमेजवळच्या एल पोर्वेनिर गावात गेले. तिथल्या सरकारविरुद्ध लढणारे काँत्रा बंडखोर त्या भागात हल्ले करत होते आणि त्या काँत्रांना पैसा-हत्यारं अमेरिकाच देत होती. गावकऱ्यांनी सांगितलं की तुम्ही इथे असताना ते गोळीबार करणार नाहीत, अमेरिकन माणूस मेला तर त्यांचंच वांधं होईल. यातून त्याच वर्षी "विटनेस फॉर पीस" उभी राहिली आणि अमेरिकन लोक आळीपाळीने तिकडे जाऊन राहायला लागले.

पुढच्या वर्षी, १९८४ ला, फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचं जागतिक संमेलन होतं, तिथे धर्मशास्त्राचे अभ्यासक रॉन सायडर यांनी आपल्याच लोकांना सुनावलं की सैनिक युद्धात जीव द्यायला तयार असतो, आपण शांततावादी म्हणवतो तर शांततेसाठी तेवढी तयारी आहे का. मेनोनाइट हे शतकानुशतकं सैन्यात न जाणारे लोक, त्यांना हे चांगलंच लागलं असणार. त्यातून "ख्रिश्चन पीसमेकर टीम्स" म्हणजे सीपीटी निघाली, २०२२ पासून नावातला ख्रिश्चन जाऊन "कम्युनिटी" आला. १९९५ पासून त्यांची टीम पॅलेस्टाइनच्या वेस्ट बँकमधल्या हेब्रॉन शहरात, २००१ पासून कोलंबियात बारांकाबेरमेहात.

सगळ्यात माहितीतला कार्यक्रम पॅलेस्टाइनमधला, लोक त्याला ईएपीपीआय म्हणतात. जेरुसलेमच्या चर्चप्रमुखांनी बोलावलं म्हणून जागतिक चर्च परिषदेने २००२ ला सुरू केला. (आपल्या फोर्टातलं सेंट थॉमस कॅथेड्रल ज्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं आहे ते या परिषदेचं सदस्य आहे, वांद्रे-वसईचे कॅथलिक चर्च मात्र नाहीत, कारण रोमन कॅथलिक चर्चने सदस्यत्व घेतलेलंच नाही.) स्वयंसेवक साधारण तीन महिने राहतात, सगळ्यांचं जॅकेट एकसारखं म्हणजे लांबून ओळखू येतात. काम ऐकायला एकदम बोअर आहे. पहाटे अंधारात कलंदिया किंवा बेथलेहेमच्या इस्रायली तपासणी नाक्यावर जायचं, इस्रायलमध्ये कामाला जाणारे मजूर (२०२३ पर्यंत ते मोठ्या संख्येने जायचे) लोखंडी जाळीच्या बोळातून किती सुटले, किती अडकले, किती वेळ लागला ते मोजत बसायचं, आणि बाया-म्हातारे-पेशंट यांचं वेगळं गेट उघडलंच नाही तर लष्कराच्या नंबरवर फोन लावत राहायचा. बाकी वेळ शाळेची पोरं, मेंढरं चारणारे, ऑलिव्हची तोडणी करणारे शेतकरी यांच्याबरोबर. भांडणात पडायचं नाही, बघायचं, लिहून ठेवायचं, आणि घरी परत गेल्यावर आपल्या चर्चमध्ये आणि खासदारांना जाऊन सांगायचं. दोन बाजूंपैकी कुणाचीही बाजू घेत नाही पण मानवी हक्कांच्या बाबतीत तटस्थही नाही, अशी त्यांची भूमिका, इस्रायली सरकारला अर्थातच ती पटत नाही, आणि यातल्या काहींना विमानतळावरूनच परत पाठवलेलं आहे.

हे काम नक्की कसं चालतं ते दक्षिण हेब्रॉनच्या डोंगरातल्या अत-तुवानीत दिसतं. तुबा नावाच्या वस्तीतली पोरं शाळेला अत-तुवानीत येतात आणि वाटेत हवात माओन ही इस्रायली वसाहत लागते, तिथले लोक पोरांवर दगड मारायचे. २००४ मध्ये सीपीटी आणि इटलीच्या "ऑपरेशन डव्ह"चे स्वयंसेवक पोरांबरोबर चालायला लागले, तर त्या शरद ऋतूत तोंडं झाकलेल्या लोकांनी साखळ्या आणि दांडक्यांनी त्यांनाच मारलं. मार खाणारे अमेरिकन निघाल्यामुळे बोंबाबोंब झाली, आणि इस्रायली संसदेच्या समितीने सांगितलं की पोरांना लष्कराने नेऊन सोडायचं. म्हणजे पॅलेस्टिनी पोरं इस्रायली जीपच्या मागे चालत शाळेत! आणि स्वयंसेवकांचं काम काय उरलं, तर जीप वेळेवर येते का ते बघणं, नाही आली की फोन करणं.

जिथे बघणाऱ्याची फिकीरच नाही तिथे हे सगळं कोलमडतं. सीपीटीची टीम युद्धाआधीपासून, २००२ पासून, इराकमध्ये होती, अबू घ्रेब तुरुंगात अमेरिकन सैनिकांनी केलेल्या छळाची बातमी फुटायच्या आधी अटकेतल्या लोकांच्या हालांच्या नोंदी ती करत होती. २६ नोव्हेंबर २००५ ला बगदादमध्ये त्यांच्यातले चौघे पळवले गेले: टॉम फॉक्स, नॉर्मन केंबर, जेम्स लोनी आणि हरमीत सिंग सूदन. मार्च २००६ मध्ये फॉक्स यांचा मृतदेह मिळाला, बाकी तिघांना दोन आठवड्यांनी सैनिकांनी सोडवलं. बिनहत्यारी लोकांना शेवटी हत्यारवाल्यांनीच सोडवलं यावरून टीका झाली ती झाली, पण त्या तिघांनी पळवणाऱ्यांना जाहीरपणे माफ केलं.

दुसरी टीका मला जास्त बोचते. गोऱ्या माणसाला लागलं तर बातमी होते, गाववाल्याला लागलं तर होत नाही, या भेदभावाच्याच जोरावर हे संरक्षण उभं आहे, आणि काम करणाऱ्यांनाही ते माहीत आहे. मुंबईचा माणूस भारतीय पासपोर्ट घेऊन तिथे उभा राहिला तर कितीसा वचक बसेल हा प्रश्नच आहे.

आणि गंमत म्हणजे कल्पनेचं एक मूळ आपल्याकडेच आहे. गांधीजींच्या मनातली शांतिसेना विनोबांनी १९५७ ला उभी केली, तिच्यात घडलेले नारायण देसाई १९८१ मध्ये कॅनडात "पीस ब्रिगेड्स इंटरनॅशनल" सुरू करणाऱ्यांत होते, ती संस्था चर्चची नाही पण काम हेच. मुंबईत १९९२-९३ च्या दंगलीत सुमारे ९०० माणसं गेली, त्यानंतर १९९४ पासून माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि तेव्हाचे आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिट्या सुरू झाल्या. तिथला हिशोब बरोबर उलटा, परका चेहरा नाही तर ओळखीचा, याच गल्लीतला, पोलीस ठाण्यात ज्याला नावाने ओळखतात असा, म्हणजे अफवा उठली की दोन्हीकडच्यांना आधी फोन कोणाला करायचा ते माहीत असतं. परक्याला सरकार कधीही व्हिसा नाकारू शकतं, गल्लीतल्याला कुठे पाठवणार.

हेब्रॉनमध्ये तसंच झालं. १९९४ ला इब्राहिमी मशिदीत २९ नमाजींची हत्या झाल्यावर तिथे आंतरराष्ट्रीय निरीक्षक नेमायचं ठरलं आणि १९९७ पासून ते कायम होते, जानेवारी २०१९ मध्ये इस्रायलने त्यांची मुदत वाढवली नाही. त्याच महिन्यात सततच्या त्रासामुळे ईएपीपीआयनेही आपले लोक हेब्रॉनमधून काढून घेतले. सीपीटीची टीम त्यानंतरही जुन्या शहरात राहिली.